जुना फोटो नेमका कुठला? जाणकार आणि गर्दी, दोघांना कामाला लावून जागा शोधण्याची रीत

आमच्या आत्याचा एक फोटो आहे. रंग उडून तांबूस झालेला, पोस्टकार्डाएवढा. कडेवर तान्हं बाळ, शेजारी स्कूटर, मागे नव्या कोऱ्या बैठ्या घरांची रांग, खांबांवर उभी पाण्याची टाकी आणि तिच्यामागे लांबच लांब डोंगर. घरात सगळे छातीठोकपणे सांगायचे, "वर्तकनगर! मागे येऊरचा डोंगर दिसतोय की." आत्या आता नाही. कडेवरचं ते बाळ म्हणजे माझा आत्येभाऊ. त्याच्या लेकीला शाळेत 'बाबांचं पहिलं घर' असं काहीतरी करायचं होतं, म्हणून तो ठाण्यात त्या जागेवर जाऊन उभा राहिला. काहीच जुळेना.

जागा सापडायला आम्हाला साडेचार महिने लागले. त्यातले पहिले तीन निव्वळ वाया गेले, आणि ते मी घालवले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. घरच्या अल्बममधला फोटो असो की 'ठाण्यात आत्ता पाणी भरलंय' म्हणून फिरणारा फॉरवर्ड, रीत एकच आहे. जाणकार आणि गर्दी या दोघांची कामं वेगळी. ती एकमेकांना देऊन बसलात की गोंधळ झालाच म्हणून समजा.

जवळ काय काय हवं

- मूळ फोटो किंवा मूळ फाइल, आणि मागच्या बाजूचं स्कॅन
- निगेटिव्ह, असतील तर. स्टुडिओच्या पाकिटासकट.
- वही, पेन्सिल, पट्टी
- संगणकावरचं गूगल अर्थ (त्यात उपग्रहाची जुनी चित्रंही पाहता येतात), ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा), सनकॅल्क (सूर्याची आणि सावलीची दिशा दाखवणारी साइट)
- उत्तरं गोळा करायला गूगल फॉर्म आणि एक शीट
- दोन-तीन जाणकार आणि दहा-पंधरा उत्साही माणसं
- भरपूर चहा

१. फोटो जसाच्या तसा मिळवा

व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून आला असेल, तर त्यातली तारीख, वेळ, जीपीएस ही सगळी माहिती गळून पडलेली असते आणि फोटोही दाबून लहान केलेला असतो. पाठवणाऱ्याला 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं सांगा. मूळ फाइल मिळाली आणि मोबाइलमध्ये लोकेशन चालू असेल, तर काम तिथेच संपूही शकतं.

कागदी फोटो असेल तर मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका. झेरॉक्सच्या दुकानात ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या, दोन्ही बाजूंनी. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी तारीख असते, कधी कुणीतरी काही लिहिलेलं असतं. आमच्या फोटोमागे बॉलपेनने 'वर्तकनगर' लिहिलेलं होतं, मोठ्या काकांच्या अक्षरात. पुढे कळलं की काकांनी निवृत्तीनंतर एका दुपारी बसून अख्ख्या अल्बमवर आठवेल तसं लिहून काढलं होतं. फोटोमागे लिहिलेलं असलं म्हणजे ते फोटोच्या वेळीच लिहिलंय असं नसतं.

२. 'दिसतं' आणि 'सांगतात' असे दोन रकाने करा

वहीत मधोमध रेघ मारा. डावीकडे फक्त डोळ्यांना दिसतं ते: टाकीला सहा खांब दिसतात, डोंगराला उजव्या टोकाजवळ खाच आहे, वाट कच्ची आहे. उजवीकडे लोक सांगतात ते: वर्तकनगर, थंडीचे दिवस, स्कूटर शेजाऱ्यांची. 'येऊर' हा शब्द उजव्या रकान्यातला आहे हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. दिसत होता तो नुसता डोंगर. (बाळाच्या डोक्यावर टोपडं आहे म्हणजे थंडी, हा तर्कही कुणीतरी मांडला. आपल्याकडे बाळाला मे महिन्यातही टोपडं घालतात.)

३. अक्षरं आणि आकडे वाचा

फॉरवर्ड झालेल्या फोटोंचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो. आपल्या भागात पाहायच्या गोष्टी:

दुकानाच्या पाटीवर 'सेक्टर' दिसला तर आधी नवी मुंबईकडे वळा. ठाण्यात नाका, पाडा, आळी, पाखाडी. पिनकोड मिळाला तर सोन्याहून पिवळं: ४००६०४ म्हणजे वागळे इस्टेट, ४००७०८ ऐरोली, ४००७०६ नेरूळ. पण ४००६१४ वाचून 'हे ठाणे' म्हणू नका, तो सीबीडी बेलापूरचा आहे. फोनच्या ०२२ वरून ठाणे की नवी मुंबई हे कळणार नाही, दोन्हीकडे तोच आहे. ०२५१ दिसला तर तुम्ही कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात आहात.

गाडीची पाटी: एमएच ०४ ठाणे, एमएच ४३ नवी मुंबई, एमएच ४६ पनवेल. पण गाडी फिरते. एका एमएच ०४ वरून काही ठरत नाही. उभ्या असलेल्या पंधरा गाड्यांपैकी बारा एमएच ०४ असतील तर बोला. एमएच नसलेली, तीन अक्षरांची जुनी पाटी असेल तर गाडी बहुधा ऐंशीच्या दशकात किंवा त्याआधी नोंदवलेली. काळ्या-पिवळ्या रिक्षेवरून तर मुळीच ठरवू नका, तशा रिक्षा केरळातही आहेत. एका पावसाळ्यात 'तीन हात नाका बुडाला' म्हणून आलेल्या व्हिडिओत मागच्या दुकानाची पाटी मल्याळममध्ये होती, आणि तो व्हिडिओ मला पाठवणारे तीन हात नाक्यापासून चालत पाच मिनिटांवर राहतात.

स्टेशन दिसलं तर काळ ठरवणं सोपं जातं. मानखुर्द-वाशी रेल्वे १९९२ ची, ठाणे-वाशी २००४ ची. मध्य रेल्वेवर एसी लोकल २०२० मध्ये आली. फोटोत अटल सेतू असेल तर आधी दचका; तो जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला.

आणि फोटो उलटा छापलेला नाही ना ते पाहा. सेल्फी उलटी येते, निगेटिव्ह उलटी ठेवून छापली जाते. शर्टाची बटणं, घड्याळ कुठल्या हातात, पाटीवरची अक्षरं, कशावरून तरी खात्री करा.

४. उन्हाला विचारा

आमच्या फोटोत एकही पाटी नव्हती. स्कूटरचा नंबर आत्याच्या पदराआड. पण खाली, वाटेवर, फोटो काढणाऱ्याची लांब सावली आत्याच्या पायांपर्यंत आलेली होती. म्हणजे सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी, आणि खाली उतरलेला. मागचा डोंगरही पूर्ण उन्हात.

आता भूगोल आठवा. वर्तकनगरातून येऊरचा डोंगर पश्चिमेला. खाडीपलीकडे ऐरोली, रबाळे, घणसोलीतून पाहिलं तर पारसिकचा डोंगर पूर्वेला. फोटो सकाळचा असेल तर कॅमेरा पश्चिमेकडे, म्हणजे येऊर खरा. संध्याकाळचा असेल तर कॅमेरा पूर्वेकडे, म्हणजे येऊर बाद. सगळं एका प्रश्नावर येऊन अडकलं: सकाळ की संध्याकाळ?

उत्तर निगेटिव्हने दिलं. आत्येभावाच्या माळ्यावर स्टुडिओचं पिवळं पाकीट होतं, त्यात चार-चार चित्रांच्या पट्ट्या. फिल्मच्या कडेला प्रत्येक चित्राचा क्रमांक छापलेला असतो. आमचा फोटो २३ वा. २२ व्यात तीच स्कूटर, तीच वाट, पण सावली आखूड. २४ व्यात बाळ घरात, वर ट्यूबलाइट लागलेली. क्रमांक वाढतो तशी सावली लांबते, म्हणजे दिवस उतरतोय. टेबललॅम्पवर पट्टी धरून हे पाहिलं तेव्हा आत्येभाऊ एवढंच म्हणाला, "मग आपण तीन महिने डोंगराच्या चुकीच्या बाजूला होतो."

सनकॅल्कमध्ये जागा आणि तारीख टाकली की त्या वेळी सावली कुठे पडेल ते दिसतं. फक्त एक खाचखळगा लक्षात ठेवा. बहुतेक परदेशी मार्गदर्शकांत लिहिलेलं असतं की दुपारची सावली उत्तरेला पडते. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो आणि इवलीशी सावली दक्षिणेला पडते. उन्हाळ्यातल्या लग्नाचे फोटो याच दिवसांतले असतात, तेव्हा जपून.

५. जाणकार शोधा

जाणकार म्हटलं की लोक प्राध्यापक शोधतात. आम्हाला उपयोगी पडलेली माणसं अशी: सिडकोतून (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) निवृत्त झालेले एक ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढणारे, ठाणे-बेलापूर रस्त्यावर बस चालवलेले एक काका आणि एक पोस्टमन. तीस वर्षं एकाच भागात टपाल वाटलेला माणूस घरांचे जिने पाहून गल्ली सांगतो.

त्यांना 'हे कुठलं?' असं विचारू नका. कुणाचंही मन लगेच एका नावाला चिकटतं आणि मग माणूस ते सोडत नाही. 'यात तुम्हाला काय दिसतं?' असं विचारा. ड्राफ्ट्समन काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो नाकाजवळ नेला आणि म्हणाले, "ही घरं अर्धीच बांधलेली आहेत. एक खोली, मोरी, आणि पुढे मोकळा ओटा. पैसे येतील तसं तुम्ही वाढवायचं. आता तिथे रांग शोधायला जाल तर सापडणार नाही, सगळ्यांनी वर मजले चढवलेत. छपरं बघू नका. प्लॉटची रुंदी बघा, गल्ल्या बघा." हे वाक्य कुठल्याही सॉफ्टवेअरने दिलं नसतं. आम्ही तोवर उपग्रहाच्या चित्रात बैठी घरंच शोधत होतो.

बीबीसीच्या 'आफ्रिका आय' या शोधपत्रकारांच्या गटाने कॅमेरूनमधल्या हत्येच्या व्हिडिओची जागा २०१८ मध्ये शोधली, ती मागच्या डोंगराच्या कडेवरून. पण कुठल्या गावाच्या आसपास पाहा, हा इशारा आधी एका कॅमेरूनी माणसाकडून आला होता.

६. वरून दिसेल तसं चित्र काढा

माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि लोक नेमकी हीच टाळतात.

फोटो समोरून काढलेला असतो, उपग्रहाचं चित्र वरून. समोरचं पाहून वरचं ओळखायला डोक्यात चित्र फिरवावं लागतं आणि ते बहुतेकांना जमत नाही. म्हणून ते काम एकदाच, जाणकाराला बरोबर घेऊन कागदावर करून टाका. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ग्राउंडट्रूथ नावाची पद्धत मांडली, तिचा गाभा हाच आहे: तज्ज्ञाने वरून दिसणारं रेखाचित्र काढायचं, शोधायच्या भागाचे लहान चौकोन पाडायचे, आणि गर्दीने प्रत्येक चौकोन त्या चित्राशी ताडून पाहायचा.

काढायचं कसं? कागदाच्या तळाशी ठिपका, तो कॅमेरा. त्यातून वर बाण. मग जवळून लांब एकेक वस्तू मांडत जा: वाट, रांग, टाकी, डोंगर. मापाला ओळखीची वस्तू घ्या. स्कूटर साधारण पावणेदोन मीटर लांब, त्यावरून आम्ही घराची रुंदी काढली. टाकीची उंची वरून दिसत नाही, तिथे फक्त गोल काढायचा आणि सावली कुठल्या बाजूला पडेल ते दाखवायचं. खात्री नसेल ती रेघ तुटक. पन्नास वर्षांत बदलतं ते (झाडं, रंग, छप्पर) काढूच नका. आमच्या चित्रात शेवटी चारच गोष्टी उरल्या: गोल टाकी, तिच्या पश्चिमेला समांतर बारीक गल्ल्या, टाकी आणि गल्ल्यांमध्ये मोकळी पट्टी, आणि पूर्वेला डोंगर.

७. गर्दीला छोटा प्रश्न द्या

आधी माझी चूक सांगतो. मी पहिल्याच आठवड्यात अख्खा फोटो, चेहऱ्यांसकट, शहराच्या एका मोठ्या ग्रुपवर टाकला: 'ओळखा पाहू कुठलं?' दोनशेच्या वर उत्तरं आली. पहिल्याने लिहिलं, 'शंभर टक्के उपवन.' पुढच्या चाळीस जणांनी तेच. कुणी माळशेज म्हणालं, कुणी 'किती गोड बाळ', कुणी बदाम पाठवले. एकानेही नकाशा उघडला नव्हता. आणि आठवड्याभरात आत्याचा फोटो कुणाच्या तरी 'जुने दिवस' शुभेच्छापत्रावर फुलांच्या चौकटीत फिरायला लागला. आत्येभाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

दुसऱ्यांदा असं केलं. ऐरोली ते कोपरखैरणे हा पट्टा धरून अर्ध्या किलोमीटरचे ६४ चौकोन पाडले. प्रत्येक चौकोन तीन वेगवेगळ्या माणसांकडे. सोळा जण होते, म्हणजे प्रत्येकी बारा चौकोन, जेमतेम तासाभराचं काम. प्रत्येकाला फक्त रेखाचित्र आणि चौकोनांची चित्रं, फोटो नाही. प्रश्न एकच: 'हे चित्र इथे बसतं का?' उत्तरं तीन: नाही, असू शकेल, नक्की बघा.

काही बारकावे:

उत्तरं फॉर्ममध्ये घ्या, ग्रुपवर नको. एकाचं उत्तर दुसऱ्याला दिसलं की तीन मतांचं एक मत होतं.

'नाही' हे उत्तरही कामाचं आहे, हे आधीच सांगा. नाहीतर लोकांना वाटतं आपल्याला काही सापडलंच नाही, आणि ते उगाच 'असू शकेल' टाकतात.

दोन चौकोन ओळखीचे घुसडा, ज्यात टाकी आहे हे तुम्हाला माहीत आहे. ते कुणाच्या नजरेतून सुटले तर त्याचे बाकीचे चौकोन दुसऱ्याला द्या. न बोलता.

मुदत द्या. आम्ही शुक्रवार रात्र ते रविवार संध्याकाळ दिली. 'सवडीने करा' म्हटलं की दिवाळी येते.

एआयला विचारायला हरकत नाही, पण त्याचं उत्तर उजव्या रकान्यात. आम्हाला त्याने मोठ्या आत्मविश्वासाने लोणावळा सांगितलं होतं.

६४ पैकी नऊ चौकोन उरले, त्यातल्या तीन चौकोनांवर दोन किंवा अधिक जणांचं 'नक्की बघा'.

इथे थांबा: कुठला फोटो गर्दीपुढे ठेवायचा नाही

जिवंत माणसाचं राहतं घर त्याला न विचारता शोधायचं नाही, मग कारण कितीही गोड असो. 'हरवलेली मैत्रीण शोधतोय' म्हणून आलेली विनंती मी सरळ नाकारतो.

फोटोत गुन्हा दिसत असेल तर तो पोलिसांकडे, ११२ वर. मूल संकटात दिसत असेल तर १०९८. मुलाच्या अत्याचाराचं चित्र असेल तर ते कुणालाही, 'मदतीसाठी' म्हणूनही, पुढे पाठवायचं नाही. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करायची. युरोपोल ही युरोपीय संघाची पोलिस संस्था २०१७ पासून अशा प्रकरणांत लोकांची मदत घेते, पण फोटोतून कापून काढलेली मागची वस्तू दाखवते: एखादी पिशवी, पडदा, बाटलीवरचं लेबल. माणूस नाही. घरच्या फोटोलाही मी आता हाच नियम लावतो: आधी चेहरे कापायचे, मग काय ते विचारायचं.

आणि गर्दीला कधीही नाव विचारायचं नाही, फक्त जागा. २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनच्या स्फोटांनंतर रेडिट या चर्चेच्या साइटवरच्या हौशी शोधकांनी एका निरपराध तरुणाकडे बोट दाखवलं. त्याच्या घरच्यांनी काय भोगलं असेल, कल्पना करा.

८. उरलेले चौकोन पुन्हा जाणकारांकडे, मग जागेवर

तीन चौकोन ड्राफ्ट्समन काकांपुढे ठेवले. एक त्यांनी पाहताक्षणी बाजूला सारला: "ही टाकी नंतरची आहे." दुसऱ्यात गल्ल्यांची रुंदी जुळेना. तिसरा ऐरोलीचा.

मग डोंगराची कड. गूगल अर्थमध्ये जमिनीलगत उतरून पूर्वेकडे पाहिलं की डोंगराची रेघ दिसते. ती ट्रेसिंग पेपरवर काढून फोटोवर ठेवायची. खाच जुळली. डावीकडचा एक भाग जुळला नाही, आणि बस चालवलेले काका म्हणाले, "खाणीने खाल्लाय तो." पारसिकच्या डोंगरात वर्षानुवर्षं दगड फोडलाय. त्यामुळे जुन्या फोटोतली कड आणि आजची कड शंभर टक्के जुळलीच पाहिजे असा हट्ट धरू नका. जुळत नसेल तिथे कारण मात्र सापडलं पाहिजे.

जागेवर जाताना आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन करा. वॉचमनशी हुज्जत घालून कुठलाही इतिहास सापडत नाही. त्याच वेळी, त्याच बाजूने, त्याच उंचीवरून फोटो काढा. आम्ही डिसेंबरात संध्याकाळी साडेपाचला पोचलो. समोर तीन मजल्यांच्या इमारतींची भिंत, डोंगर दिसेचना. एका आजींनी गच्चीवर नेलं. टाकी तिथेच होती, नवा रंग लावलेली. आजींनी आत्याला ओळखलं, स्कूटरही ओळखली. त्यांच्याच यजमानांची होती ती. आत्याने ते घर वर्षभरात विकलं होतं, आत्याच्या यजमानांच्या आजारपणात, आणि त्याबद्दल घरात पुन्हा कुणी बोललं नव्हतं. आत्येभाऊ बराच वेळ टाकीकडे पाहत उभा होता.

९. लिहून ठेवा

निष्कर्षाबरोबर खात्री किती तेही लिहा. आमच्या तीन पायऱ्या आहेत: 'पक्की', 'बहुधा', 'तर्क'. पक्की म्हणायला एकमेकांवर न टेकलेले निदान दोन पुरावे हवेत. आमच्याकडे कड आणि आजी होत्या.

फोटोमागे लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. काकांचं 'वर्तकनगर' आम्ही खोडलं नाही. त्याखाली पेन्सिलीने लिहिलं: 'ऐरोली. पक्की. संध्याकाळ. स्कूटर शेजाऱ्यांची.'